सेवेच्या फॉर्मवर धर्माचा रकाना कशाला?

कढईवाला (धागाकर्ता)

काल एक पोस्ट सगळीकडे फिरत होती. पालखी मार्गावरच्या एका अन्नछत्राने स्वयंसेवकांच्या फॉर्मवर 'धर्म' असा रकाना टाकला. 'हिंदू' सोडून दुसरं काही लिहिणाऱ्यांना "यंदा जागा भरल्या" असं कळवलं. हे कसं बरोबर आहे ते पोस्ट लिहिणाऱ्याने चार परिच्छेदांत समजावलं होतं. सार एवढंच की देवाचं अन्न देवाच्याच माणसाने वाढावं, बाहेरचे शिरले की सेवेचं समाजकार्य होतं, आणि समाजकार्य करणारी संस्था दहा वर्षांत देवाला विसरते.

दोन ओळींच्या उत्तराने समाधान होईना, म्हणून हा धागा.

आधी पंगतीचा हिशोब बघा. हजार माणसांच्या एका जेवणाला तांदूळ ९० ते १०० किलो, तूरडाळ २५ ते ३० किलो, निवडून चिरलेली भाजी ८० किलो. माणशी तीन पोळ्या धरल्या तर कणीक १०० ते १२० किलो. एवढं शिजवायला आचारी आणि त्याच्या हाताखालची सात-आठ माणसं पुरतात, पोळ्यांना बायका वेगळ्या. अडतं ते पुढे. शंभराच्या एका पंगतीला भातावर दोन, आमटीवर दोन, पोळीवर दोन, भाजीवर एक, मीठ-लिंबू-चटणीवर एक, पाण्यावर दोन, असे दहा वाढपी. पत्रावळी मांडायला दोन, उष्टं उचलायला तीन. पंगत पंचवीस मिनिटांत उठते आणि दुसरी बसायच्या आत जागा पुसून व्हावी लागते, नाहीतर आमटीवरून माणूस घसरतो.

वाढायला माणसं मिळतात. अकरा ते एक या वेळात नको तितकी मिळतात. टंचाई असते दुपारी तीननंतर मोरीवर. ८० लिटरचं पातेलं तळाला धरलं तर गरम पाण्यात सोडा टाकून अर्धा तास मुरवावं लागतं, मग एकाने कलतं धरायचं आणि दुसऱ्याने आत वाकून घासायचं. फॉर्मवर काही विचारायचंच असेल तर "तीननंतर थांबणार का?" हे विचारा.

अन्नछत्रात दोन तऱ्हेचं काम असतं. एक संकल्पाचं, म्हणजे नैवेद्य, पूजा, आरती. तिथे श्रद्धा हवी, वाद नाही. दुसरं हातांचं, म्हणजे वाढणं, पाणी, भांडी, चपला, कचरा. तिथे श्रद्धेचा दाखला मागणारी संस्था स्वतःचंच नुकसान करून घेते. शिवाय आलेल्या माणसाला ज्या तोंडाने परत पाठवते, त्याच तोंडाने वारीत भेदाभेद नाही असं सांगते.

माळकरी_तात्या

तुमचा हिशोब चोख आहे. पण माणसं कमी पडतात असं त्या पोस्टमध्ये कुणी म्हटलंच नव्हतं. प्रश्न सेवा म्हणजे काय हा आहे.

वारीत वाढणारा खाणाऱ्याच्या पाया पडतो. पत्रावळीवर बसलेला माणूस त्याच्या दृष्टीने पांडुरंग असतो. हात तेच, भात तोच, पण तो भाव गेला की उरतं ते जेवण. जेवण ढाब्यावरही मिळतं. ज्याला ते मान्य नाही त्याने पाया पडायचं कसं? पडला तर नाटक, नाही पडला तर समोरच्याला खटकतं. त्याला त्या पेचात का टाकायचं?

शेगावला गावोगावचे सेवेकरी पाळीने येतात, पगार घेत नाहीत, आणि तिथली शिस्त नि स्वच्छता सगळा महाराष्ट्र बघून येतो. ती शिस्त मुकादमाने आणलेली नाही, महाराजांवरच्या निष्ठेने आणली आहे. तिरुपतीची श्रीवारी सेवा २००० सालापासून चालू आहे आणि ती हिंदूंसाठीच आहे. तिथे रोज किती माणसं जेवतात? त्यांचं कुठे अडलं?

आणि भांडी घासायला कुणीही चालेल हे वाक्य मला लागलं. आमच्याकडे भांडी घासणं ही खालची सेवा नाही. तुम्ही तिला "हातांचं काम" म्हणून बाजूला काढता तिथेच तुमची चूक होते.

गोदाकाठ

तात्या, भांडी घासणं खालची सेवा नाही हे शंभर टक्के मान्य. नांदेडला सचखंड श्री हजूर साहिबच्या लंगरमध्ये मोठमोठे लोक मुद्दाम तेच काम मागून घेतात. पण तिथे कुणी धर्म विचारत नाही.

विचारतात ते असं. डोकं झाकलंय का? रुमाल नसेल तर दारातच मिळतो. पाय धुतलेत का? खिशात तंबाखू, बिडी, गुटखा आहे का? असेल तर बाहेर ठेवून या. दारू घेतलेली नसावी. एवढ्यावर माणूस कांदे सोलायला बसू शकतो, पोळ्या लाटू शकतो, डाळीची बादली घेऊन पंगतीत फिरू शकतो.

कडाह प्रसादाची, म्हणजे गुरुद्वाऱ्यातल्या शिऱ्याची, गोष्ट वेगळी. कणीक, साखर आणि तूप समान वजनाचं, करताना गुरबाणीचा पाठ चालू, मग अरदास, म्हणजे प्रार्थना. ते काम ज्याचं त्यानेच करायचं. लंगर आणि कडाह प्रसाद एकाच आवारात, पण नियम दोन. मूळ धाग्यात जी वाटणी सांगितली आहे ती शीख परंपरेत कधीपासूनची आहे, आणि तिच्यामुळे गुरुद्वारा देवाला विसरला असं म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही.

पाया पडण्याचा पेचही तिथे नाही. पोळी देताना ती दोन्ही हातांवर घ्यायची आणि वाढणाऱ्याने वरून सोडायची, एवढीच रीत. बाहेरचा माणूस पाच मिनिटांत शिकतो. तुमच्या अन्नछत्रातही पाया पडणं ऐच्छिक ठेवता येईल.

भीमातीर

धर्माच्या रकान्यावर एवढी चर्चा चाललीय, त्याच्या वरचा रकाना कुणाच्या डोळ्यात आलेला दिसत नाही. आडनाव.

धर्म 'हिंदू' लिहूनही माणूस कुठल्या कामाला लागतो ते आडनाव ठरवतं. चुलीजवळ कोण, पिठाच्या परातीशी कोण आणि उष्ट्याच्या ड्रमजवळ कोण, हे एकदा डोळे उघडे ठेवून बघा. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात दहा दिवस उपोषण करावं लागलं तेव्हा कुठे विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडलं. आणि २०१७ मध्ये, म्हणजे परवा परवा, पुण्यात सोवळ्याच्या स्वयंपाकासाठी जात लपवली म्हणून स्वयंपाकीण बाईंविरुद्ध पोलिसांत तक्रार गेली होती. पुढे ती मागे घेतली, पण गेली होती.

त्यामुळे "संकल्पाचं काम वेगळं" हे ऐकायला गोड वाटतं, पण त्या वेगळ्या खोलीचं दार कुणाला बंद राहतं ते आम्हाला ठाऊक आहे. नैवेद्याच्या खोलीत जाण्याची अट लिहून काढा. आंघोळ, धुतलेलं वस्त्र, माळ, उपवास, जे काय असेल ते. ती अट जो पाळेल तो आत. जमेल?

माळकरी_तात्या

भीमातीर, माळ घातलेल्या माणसाला वारकरी संप्रदायात जात विचारायची नसते. जो विचारतो तो चुकतो आणि त्याला अडवलंच पाहिजे. अट लिहून काढायलाही माझी ना नाही.

पण हा धागा जातीवर नेऊ नका. प्रत्येक चर्चेत शेवटी हेच होतं आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

भीमातीर

मूळ प्रश्न हाच आहे, तात्या. 'देवाचं माणूस' कोण, हे फॉर्म घेणाऱ्याने ठरवायचं म्हटलं की पहिली कात्री आमच्यावर चालते. परधर्मीयाचा नंबर नंतर. तुम्हाला हा विषय बाजूचा वाटतो, कारण त्या दारात तुम्हाला कुणी थांबवत नाही.

हिशोबनीस

थोडं कागदावर येऊ, कारण "संस्था पोकळ होते" या भीतीचं उत्तर कागदात आहे.

पहिलं. कायदा कुठल्याही धार्मिक न्यासाला परधर्मीय स्वयंसेवक घ्यायला भाग पाडत नाही. घटनेचं कलम २६ धार्मिक संप्रदायाला धार्मिक आणि धर्मादाय संस्था काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यावरूनच १९५४ साली रतिलाल पानाचंद गांधी खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. न्यायालय म्हणालं की शासन मालमत्तेच्या कारभारावर नियंत्रण ठेवू शकतं, पण कारभाराचा हक्कच काढून घेऊ शकत नाही. म्हणजे अन्नछत्राला रकाना ठेवायचा तर ठेवता येतो. प्रश्न शहाणपणाचा आहे, कायद्याचा नाही. कढईवाल्यांनी हेही लिहायला हवं होतं.

दुसरं. ज्याची तात्यांना भीती वाटते ती गोष्ट स्वयंसेवकामुळे होत नाही, सभासदत्वामुळे होते. संस्थेच्या घटनेत "तीन वर्षं सेवा करणारा सभासद होण्यास पात्र" असं एक वाक्य अनेक ठिकाणी बेसावधपणे घातलेलं असतं. सभासद झाला की मत आलं, मत आलं की विश्वस्त निवडणूक आली. स्वयंसेवक आणि सभासद यांची रजिस्टरं वेगळी ठेवा. सभासदत्वाची अट घटनेत स्पष्ट लिहा, तिथे श्रद्धेची अट घाला. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. बदल अर्ज वर्षानुवर्षं न दिल्याने न्यास भलत्यांच्या हाती जातात. भांडी घासणाऱ्याच्या धर्माने गेल्याचं ऐकिवात नाही.

तिसरं. अन्नछत्राला आयकराची ८०जी मान्यता असेल तर देणगीदाराला सवलत मिळते ती संस्था एका विशिष्ट धर्मसमाजाच्या फायद्यापुरती नाही या अटीवर, आणि निव्वळ धार्मिक खर्चही उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आतच लागतो. ही अट लाभार्थ्यांबद्दल आहे, स्वयंसेवकांबद्दल नाही, हे खरं. पण एकीकडे "सर्वांसाठी" असं सांगून पावत्या फाडायच्या आणि दुसरीकडे फॉर्मवर धर्म विचारायचा, हे देणगीदाराला विचित्र वाटतं.

माळकरी_तात्या

सभासदत्वाचा मुद्दा घेतला. ते रजिस्टर वेगळं असलंच पाहिजे, आणि बऱ्याच ठिकाणी नसतं हेही मान्य.

पण एक विचारतो. हे सगळे उपदेश आम्हालाच का? चर्चमध्ये, मशिदीत घेतात का दुसऱ्या धर्माची माणसं?

वसईकरीण

घेतात. आणि कुठे घेत नाहीत तेही सांगते, म्हणजे गोड गोड लिहिल्यासारखं होणार नाही.

मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, कम्युनियन (पवित्र भाकर) देण्याचं काम धर्मगुरू, डीकन किंवा रीतसर नेमलेल्या कॅथलिक माणसाचंच. तिथे दुसरा धर्म सोडाच, दुसऱ्या पंथाचा ख्रिस्ती शेजारीही चालत नाही. बायबल वाचन, गायनवृंद, मुलांची धर्मशिक्षणाची शाळा ही कामंही आपल्याच माणसांची. पण धर्मग्रामाचं आरोग्य शिबिर, पुरानंतरचं धान्यवाटप, वृद्धांना डबा पोचवणं इथे कुणी विचारत नाही. मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या कोलकात्याच्या घरांमध्ये जगभरातून स्वयंसेवक येतात, त्यात कुठलाच धर्म न मानणारेही असतात. सकाळी प्रार्थना असते, तिला बसायची सक्ती नसते. चादरी धुणं, भरवणं, जखमा साफ करणं, ही कामं.

जिथे मुलं असतील तिथे मात्र दोन गोष्टींवर अडून बसावं. पोलीस पडताळणी, आणि कुठल्याही मोठ्या माणसाने मुलासोबत एकटं बंद खोलीत राहायचं नाही. ही अट आपल्या धर्माच्या माणसाला सगळ्यात आधी लावायची, कारण ओळखीच्या माणसाची पडताळणी करायला सगळे लाजतात आणि घात तिथेच होतो.

बाणकोटी

आमच्याकडची वाटणी पैशापासून सुरू होते. जकात वेगळी, सदका आणि लिल्लाह, म्हणजे ऐच्छिक दान, वेगळं. जकात म्हणजे शिल्लक मालमत्ता निसाबच्या (ठरलेल्या किमान मर्यादेच्या) वर असेल तर त्या सगळ्या मालमत्तेचे अडीच टक्के, आणि ती कुणाला द्यायची ते आठ वर्गांत ठरलेलं आहे. त्यातला एक वर्ग जकात गोळा करणाऱ्या-वाटणाऱ्या आमिलांचा, आणि आमिल मुसलमानच असावा असं बहुतेक उलेमांचं मत आहे. सदका कुणालाही देता येतो, कुणाच्याही हातून.

म्हणून रमजानच्या रेशन किटचं काम असं चालतं. यादी ठरवणं आणि जकातीचा हिशोब जमातीच्या माणसांकडे. पिशव्या भरणं, वजन करणं, टेम्पो चालवणं, घरपोच करणं कुणाकडेही. चूक होते ती दोन पेट्या एकत्र केल्या की. एकाच थैलीतून सगळं गेलं तर जकात नक्की कुठे पोचली ते सांगता येत नाही. म्हणून पावतीपुस्तकं दोन रंगांची ठेवतात.

२०२० मध्ये मुंबईत कोविडच्या काळात बडा कब्रस्तानच्या स्वयंसेवकांनी हिंदू मृतांनाही स्मशानात नेऊन अग्नी दिला. तेव्हा हात कुणाचा हे घरच्यांनी विचारलं नाही. तात्या, तुम्हीही विचारलं नसतं.

माळकरी_तात्या

नसतं विचारलं. ते मोठं काम होतं. त्याला नमस्कार.

पण संकटातला नियम रोजचा नियम होत नाही.

सोलापुरी_चादर

सगळे गोड बोलताहेत, खरी भीती कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. उद्या पंगतीत विषबाधा झाली आणि त्या दिवशी चुलीजवळ परधर्माचा एक पोरगा होता, तर गावात काय होईल? चौकशी व्हायच्या आधी मोबाईलवर मेसेज फिरेल. त्या पोराला कोण वाचवणार? मंडळं रकाना ठेवतात ते काही वेळा द्वेषापोटी नाही, या धास्तीपोटी.

कढईवाला

हा खरा मुद्दा आहे, आणि त्याचं उत्तर रकाना नाही. उत्तर आहे नोंदवही आणि नमुना.

प्रत्येक पातेल्याला नंबर. कुणी चढवलं, किती वाजता उतरवलं, कुणी वाढायला नेलं, तीन सह्या. सगळ्यांच्या, आचाऱ्याचीही. प्रत्येक पदार्थाचा पाव किलो नमुना स्वच्छ उकळलेल्या स्टीलच्या डब्यात, वर तारीख-वेळ, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस. काही झालं तर अन्न औषध प्रशासनाच्या हाती डबा द्यायचा, प्रयोगशाळा काय ते सांगेल. नमुना नसला की जागा अफवेची होते, आणि अफवा ज्याला पाठबळ नाही त्याच्यावर जाते. अन्नछत्र फुकट जेवू घालत असलं तरी अन्नसुरक्षा कायद्यात ते येतं, कायद्यात "नफ्यासाठी असो वा नसो" असं स्पष्ट आहे. नोंदणी घ्या.

आणि विषबाधा कशाने होते ते एकदा नीट बोलू. कुणी काही कालवल्याने नाही. भगरीने आणि वेळेने.

चुलीपाशी

भगरीचं नाव काढलंत ते बरं केलंत. फेब्रुवारी २०२४ मध्ये लोणार तालुक्यात सोमठाण्याला सप्ताहातल्या एकादशीच्या भगर-आमटीनंतर शेकडो माणसं आजारी पडली. दवाखान्यात जागा पुरेना, बाहेर दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या लटकवल्या होत्या. त्यानंतरही मंडळं सुटी भगर आणतात.

माळकरी_तात्या

भगर आमच्या आजोबा-पणजोबांपासून खातात. एकादशीला दुसरं खायचं काय? आता उपासाच्या पदार्थांवर घसरायचं का?

चुलीपाशी

तात्या, रागावू नका. पणजोबांच्या घरी भगर घरच्या उखळात कांडलेली, त्या दिवसापुरती, पाच माणसांची असायची. आता ती पाचशेंची असते, आणि बाजारातून येते ती कधी कांडलेली ते कुणाला माहीत नसतं. टरफल निघालेली भगर दमट हवेत ओल धरते आणि तिला बुरशी लागते. बुरशीचं विष उकळल्याने जात नाही. म्हणून एफडीए (अन्न औषध प्रशासन) दर नवरात्रात तेच सांगतं. सुटी घेऊ नका, पाकीटबंद घ्या, तारीख बघा, पीठ विकत आणू नका, लागेल तेवढंच घरी दळा. पिठाला तर ओल आणखी लवकर लागते, आणि दळल्यावर खराब दाणा ओळखूही येत नाही.

अन्न_तपासणी

बुरशी हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं पातेल्यात आहे.

एक किलो भगरीला साधारण तीन लिटर पाणी, बारा-तेरा माणसं जेवतात. पाचशेंना चाळीस किलो लागते, शिजून दीडशे किलोच्या वर जाते. मंडळं ती दोन मोठ्या पातेल्यांत शिजवतात. भगर मोकळी राहत नाही, विटेसारखी थिजते. वरचा थर गार लागतो पण मधला गाभा तासन् तास कोमट राहतो, आणि कोमट म्हणजे जंतूंची वाढ. साठ अंशांच्या वर ठेवा नाहीतर लवकर वाढा, तासन् तास कोमट ठेवणं चालत नाही. भातात वाढणाऱ्या काही जंतूंचं विष परत गरम केल्यानेही मरत नाही. भगरीचं तेच.

म्हणून एका पातेल्यात पाच किलोच्या वर भगर नको. उतरवल्यावर परातीत तीन-चार बोटांच्या थरात काढा. दाण्याची आमटी उकळतीच ठेवा, तीही कोमट झाली की तितकीच घातक. टँकरचं पाणी असेल तर हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), अर्धा तास थांबा, ओटी टेस्टला (क्लोरीनच्या तपासणीला) पिवळा रंग आला तरच वापरा. ताकात तेच पाणी पडतं, आणि ताक कुणी उकळत नाही.

माळकरी_तात्या

पाच-पाच किलोची आठ पातेली चढवायची तर आठ चुली आणि आठ माणसं लागतील. कुठून आणायची? लिहिणं सोपं असतं.

कढईवाला

आठ चुली नाहीत, चार, आणि दोन फेऱ्या. पण माणसं लागतात हे बरोबर. आता बघा, वेळ कशी हुकते.

सप्ताहात कीर्तन रात्री नऊ ते अकरा. शिजवणाऱ्यांनाही कीर्तन ऐकायचं असतं आणि तो त्यांचा हक्क आहे. म्हणून स्वयंपाक दुपारी चार-पाच वाजता उरकतात, पातेल्यांवर झाकण ठेवतात, वर ओलं फडकं टाकतात आणि मांडवात जाऊन बसतात. जेवण अकरा वाजता. सहा ते सात तास. तो काळ विषबाधेचा. आचारी वाईट नाही, भगर कधीकधी चांगलीही असते, पण त्या सहा तासांत चुलीवर कुणीच नसतं.

तिथे कोण थांबेल, तात्या? ज्याला कीर्तन चुकल्याची हळहळ नाही असा माणूस.

वसईकरीण

हे तंतोतंत खरं आहे. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला सगळा गाव आत असतो. तेव्हा वाहनतळ, बाहेरचा चहा आणि जनरेटर जे सांभाळतात ते बहुधा दुसऱ्या धर्माचे शेजारी असतात. आपल्यातल्याला तिथे उभं केलं तर त्याचा सण जातो.

बाणकोटी

ईदच्या नमाजच्या वेळी रस्त्यावर वाहतूक वळवायला तसंच.

भीमातीर

म्हणजे चुलीजवळ बसायला चालेल, फक्त सगळे कीर्तनात असताना. अर्थ लक्षात येतोय का? कुणाच्या गरजेपुरतं नको. चुलीवर बसवणार असाल तर नंतरच्या पंगतीत त्याला वाढायलाही द्या, आणि जेवायला त्याच पंगतीत बसवा.

माळकरी_तात्या

पंगतीत बसवायचं हे सांगावं लागत नाही. ज्याने शिजवलं तो आपल्यासोबतच जेवेल, याला कोण नाही म्हणेल?

ठीक आहे. कीर्तनाच्या वेळी चुलीवर माणूस हवा, हे मी नाकारू शकत नाही. सोमठाण्याचे फोटो मीही पाहिलेत. नैवेद्याची खोली मात्र वेगळी राहील, त्यावर मी हटणार नाही. आणि पुंडलिक वरदे म्हणताना त्याने म्हणावं असा आग्रह नाही, पण बादली खाली ठेवून उभं राहावं. तेवढा मान हवा.

सेवा हे नुसतं हातांचं काम आहे, हे तुमचं वाक्य अजूनही पटलेलं नाही.

कढईवाला

ते वाक्य मागे घेतो. नीट लिहिलं नव्हतं. बादली खाली ठेवण्याची अट अगदी रास्त आहे, गोदाकाठांनी सांगितलेल्या डोक्यावरच्या रुमालासारखीच. आणि भीमातीरांची अटही फॉर्मच्या मागच्या बाजूला छापा. नैवेद्याच्या खोलीत जाण्यासाठी काय पाळायचं ते लिहून, आडनावाशिवाय.

सोलापुरी_चादर

मग फॉर्मवर काय काय ठेवायचं ते तरी सांगा. आषाढीला दिवस राहिलेत थोडे.

हिशोबनीस

नाव, फोन, घरचा फोन, वय, रक्तगट. तंबाखू-दारू नाही याची सही. जुलाब, उलटी, हाताला जखम किंवा त्वचारोग असेल तर चुलीकडे आणि वाढपाला नाही, चपला-पार्किंगला चालेल. कुठल्या वेळेत थांबणार. स्वयंसेवक सभासद नाही, हे एक वाक्य ठळक. गरम तेला-पाण्याने भाजण्याची भीती असते म्हणून सगळ्यांचा गट अपघात विमा. धर्माचा रकाना विमा कंपनीलाही लागत नाही.

माळकरी_तात्या

अकराच्या जेवणाला भगर किती वाजता चढवायची तेवढं सांगा. आमच्याकडे आजवर चारलाच चढते.

कढईवाला

भगर आधी निवडून तीन पाण्यांतून धुवा, मग निथळत ठेवा. आधण नऊ-सव्वानऊला, चार चुलींवर पंधरा-पंधरा लिटर. पहिली चार पातेली पावणेदहाला चढवा, सव्वादहापर्यंत उतरतात. लगेच परातीत पातळ थरात काढा, वर जाळी, फडकं नको, फडक्याने वाफ कोंडते आणि थर ओला होतो. दुसरी चार साडेदहाला चढवली की अकराला पंगत बसताना उतरतात, ती थेट वाढायची. आमटी मंद आचेवर उकळती, ढवळायला एक माणूस कायम. चुलीवर चार, आमटीवर एक, नोंदवहीवर एक. सहा माणसं, नऊ ते साडेअकरा. साडेबारानंतर उरलेली भगर कुणाला घरी बांधून देऊ नका, कितीही मागितली तरी.